गोवा-पुणे-मुंबईत रेगे लावणाऱ्या डीजेंना आणि शॅकवाल्यांना खुलं पत्र: या ११ सप्टेंबरला टूट्स लावा

नमस्कार मंडळी,

हे पत्र गोव्यातल्या शॅकवाल्यांना आहे, पुण्या-मुंबईत रविवारी रेगे नाइट ठेवणाऱ्या कॅफेवाल्यांना आहे, आणि ज्यांच्या पेनड्राइव्हमध्ये 'रेगे' नावाचा एक फोल्डर असतो त्या सगळ्या डीजेंना आहे. भांडायला लिहीत नाहीये. पंधरा-सोळा वर्षं झाली हे म्युझिक ऐकतोय, आपल्याकडे जिथे जिथे ते वाजतं तिथे जाऊन बसतो, म्हणजे तुम्ही माझीच माणसं, म्हणून हक्काने एक मागणं मागतोय.

मागच्या ८ डिसेंबरला उत्तर गोव्यातल्या एका शॅकमध्ये बसलो होतो. भिंतीवर लाल-पिवळा-हिरवा पट्टा, बॉब मार्लेचं भलंमोठं चित्र, शेजारी गांजाचं पान रंगवलेलं. तासाभरात बॉबचीच बारा-तेरा गाणी झाली, त्यातली तीन तर दोनदा. शेवटी उठून डीजेकडे गेलो आणि म्हटलं, 'दादा, टूट्सचं काहीतरी लाव ना.' पोरगा चांगला होता, अदबीने बोलत होता. म्हणाला, 'कोण टूट्स?' म्हटलं टूट्स अँड द मेटाल्स, जमैकाचा रेगे बँड, टूट्स त्याचा गायक. त्याने मोबाइल काढला, स्पेलिंग विचारलं, तेवढ्यात मागच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं आणि परत बॉब सुरू झाला. त्या पोराला मी दोष देत नाही, त्याला कुणी सांगितलंच नाही तर कळणार कुठून. पण त्या दिवशी टूट्सचा वाढदिवस होता हो. मी मुद्दाम त्याच तारखेला गेलो होतो, आणि ज्या संगीताला नाव त्याच्या गाण्याने दिलं ते वाजवणाऱ्या ठिकाणी त्याचं नाव कुणाला माहीत नव्हतं, हे मनाला फार लागलं.

तर आधी त्या नावाचंच सांगतो. तुम्ही दारावर जी पाटी लावता ना, 'रेगे', तो शब्द रेकॉर्डवर पहिल्यांदा आला १९६८ मध्ये, मेटाल्सच्या 'डू द रेगे' या गाण्यात. रेगे नावाचा प्रकार असा छापील कागदावर तेव्हा नव्हताच, वादक नवा ठेका वाजवत होते आणि प्रत्येक जण त्याला वेगळं काहीतरी म्हणत होता. टूट्सने पुढे बऱ्याच मुलाखतींत सांगितलंय की जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, पोरांमध्ये 'स्ट्रेगे' असा एक शब्द चालायचा, एखादी मुलगी गबाळी दिसली, नीट कपडे न करता बाहेर पडली की म्हणायचे ही स्ट्रेगे आहे. आपण कसं म्हणतो, 'काय ध्यान आहे बघ', अगदी तसं. एक दिवस तो आणि त्याचे दोन जोडीदार वाजवत बसले होते आणि त्याच्या तोंडून सहज निघून गेलं, चला रेगे करू. बस. म्हणजे हा शब्द कुठल्या मोठ्या विचारातून आलेला नाही, तो आला नाक्यावरच्या पोरांच्या बोलण्यातून, आणि आज तो जगभर दारांवर लिहिलेला आहे.

खरं नाव फ्रेडरिक नॅथनिएल हिबर्ट. टूट्स हे घरातलं लाडाचं नाव. जन्म १९४२ चा, क्लॅरेंडन परगण्यातलं मे पेन गाव. आईवडील दोघंही सेव्हन्थ डे अ‍ॅडव्हेंटिस्ट चर्चमध्ये प्रवचन करणारे, त्यामुळे गाणं घरात होतं ते चर्चचं, एकाने ओळ टाकायची आणि सगळ्यांनी उचलायची. आपल्याकडे भजनी मंडळात वाढलेला पोरगा कसा असतो, त्याला गाणं शिकवावं लागत नाही, टाळ हातात घेऊनच मोठा होतो, हा तसा. पण आईवडील लवकर गेले, अकरा-बारा वर्षांचं पोर भावाकडे किंग्स्टनला आलं, ट्रेंचटाउनमध्ये, आणि तिथे न्हाव्याच्या दुकानात कामाला लागलं. केस कापता कापता गायचा. तिथेच त्याला रॅली गॉर्डन आणि जेरी मथायस भेटले आणि जमैका स्वतंत्र झाला त्या १९६२ च्या आसपास तिघांची टोळी जमली, द मेटाल्स.

इथे जरा थांबा आणि 'सिक्स अँड सेव्हन बुक्स ऑफ मोझेस' ऐका. १९६३ चं, कॉक्सन डॉड या निर्मात्याच्या स्टुडिओ वनमध्ये केलेलं. मागे वाजवणारे लोक म्हणजे पुढे स्काटलाइट्स या बँडच्या नावाने गाजले ते. गाण्यात काय आहे, तर बायबलमधल्या पुस्तकांची नावं. एवढंच. जेनेसिस, एक्झोडस, असं एकामागोमाग एक म्हणत जातो, रविवारच्या शाळेत पाठ केल्यासारखं. पण मागून जेरी आणि रॅली जी साथ देतात ती ऐकताना मला दर वेळी पोवाड्यातले झीलकरी आठवतात, शाहिराने ओळ सोडली की हात कानावर ठेवून 'जी रं जी' उचलणारे. टूट्सचा आवाज फाटतो, खरखरतो, परत गोल होतो, आणि हे दोघं त्याला कधी जमिनीवर पडू देत नाहीत. बाहेरचे लोक टूट्सची तुलना अमेरिकन सोल गायक ओटिस रेडिंगशी करतात, बरोबरच आहे, त्याने स्वतः १९८८ मध्ये मेम्फिसला जाऊन सोलची गाणी गायली आहेत. पण तो आवाज आधी चर्चचा आहे.

डीजे मंडळींना ठेक्याचं वेगळं सांगायला नको, पण कॅफेवाल्यांसाठी सांगतो कारण मला वाटतं हे एकदा कानाला कळलं की ते संगीत पार्श्वभूमीला ठेवताच येत नाही. रेगेच्या आधीची चाल म्हणजे स्का, त्या स्कामध्ये गिटार आणि पियानो मुख्य मात्रेवर नाही, दोन मात्रांच्या मध्ये पडतात, चक्-चक्-चक्, आणि चाल पळती. १९६६ च्या सुमाराला तीच चाल धिमी झाली, बासला श्वास घ्यायला जागा मिळाली, तिला रॉकस्टेडी म्हणायला लागले. मग १९६८ ला ऑर्गन मधल्या जागांत बुडबुडल्यासारखा वाजायला लागला, गिटारचा चक् जाड झाला, बास पुढे आला, आणि हे रेगे. त्यात तो प्रसिद्ध वन ड्रॉप, चार मात्रांमधली पहिली मात्रा रिकामी सोडायची आणि ड्रम तिसऱ्यावर टाकायचा. आपण समेवर मान डोलावणारे लोक. इथे समेवर काहीच नाही, सगळं वजन पुढे ढकललेलं. पहिल्यांदा ऐकताना पाय चुकतो आणि मग एकदा सापडला की सुटत नाही. टूट्स या तिन्ही वळणांत हजर आहे, तिन्ही चालींत त्याची मोठी गाणी आहेत, असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

१९६६ ला जमैकाने स्वातंत्र्यदिनाच्या उत्सवासाठी गाण्यांची स्पर्धा सुरू केली, पहिल्याच वर्षी मेटाल्सने 'बॅम बॅम' गाऊन ती जिंकली. तुम्ही जे 'बॅम बॅम' लावता, आणि लावता हे मला माहितीये, प्रत्येक सीझनला ऐकतो, ते सिस्टर नॅन्सीचं १९८२ चं आहे. भारी आहे, लावत जा. पण त्या शब्दाचं मूळ इथे आहे, सोळा वर्षं आधी. दोन्ही पाठोपाठ लावून बघा कधीतरी, लोक वळून बघतात.

नंतर १९६९ ला परत जिंकले, 'स्वीट अँड डँडी'. हे गाणं मी माझ्या आईला ऐकवलं होतं आणि तिला समजावून सांगितलं होतं, कारण ते आहे खेडेगावातल्या लग्नाचं. नवरी खोलीत बसून रडतेय, आई म्हणते डोळे पूस, बाप म्हणतो कधी शाळेत गेलीच नाहीस अशी काय वागतेस. पलीकडच्या खोलीत नवरदेव घाबरून बसलाय, काका त्याला सांगतोय मान वर कर. केकला एक पौंड दहा शिलिंग पडलेत, कोला वाइनच्या बाटल्या आहेत, आणि मग सगळे नाचतात. आई ऐकून म्हणाली, 'अगं बाई, हे तर आपलंच.' आमच्याकडे ताईच्या लग्नात हेच झालं होतं ना, मांडवात वाजंत्री सुरू आणि आतल्या खोलीत ताई रडतेय, मामा बाहेरून ओरडतोय मुहूर्त टळेल. साडेतीन मिनिटांच्या आतबाहेर एवढं सगळं घर उभं केलंय त्याने, आणि त्यात कुठे गांजा नाही की समुद्र नाही की रिलॅक्स नाही. रेगे म्हटलं की हॅमॉकमध्ये पडून राहायचं संगीत असं जे आपल्याकडे झालंय ना, ते मला इथे खोटं वाटतं. हे राबणाऱ्या लोकांचं, कपडे इस्त्री करून लग्नाला जाणाऱ्या लोकांचं संगीत आहे. 'द हार्डर दे कम' या १९७२ च्या सिनेमात स्टुडिओत मेटाल्स हेच गाणं गाताना दिसतात, जरूर बघा, टूट्स सबंध अंगाने गातो.

आणि आता तुरुंगाचं. हे मी सविस्तर लिहिणार आहे कारण माझं मागणं यातूनच आलंय.

'बॅम बॅम' जिंकल्यावर, ऐन भरात असताना, टूट्सला गांजाच्या केसमध्ये आत टाकलं. तो शेवटपर्यंत सांगत राहिला की त्याला मुद्दाम अडकवलं, बँड परदेशात निघणार होता म्हणून. बाहेर आल्यावर तो लेस्ली काँग या निर्मात्याकडे गेला. काँग कुटुंबाचं किंग्स्टनमध्ये 'बेव्हर्लीज' नावाचं दुकान होतं, आइस्क्रीम पार्लर आणि रेकॉर्डचं दुकान एकत्र, आणि त्याच नावाचं लेबल. तिथे १९६८ ला रेकॉर्ड झालं '५४-४६ दॅट्स माय नंबर'. मेटाल्सचं सगळ्यात गाजलेलं गाणं. जॅकी जॅक्सनचा तो बास, ज्याने कुणी एकदा ऐकलाय तो झोपेत पण गुणगुणेल. तुमच्यातले जे लावतात ते हे गाणं पार्टी चढली की लावतात, आणि लोक नाचतात, नाचायचंच गाणं आहे ते. पण शब्द एका कैद्याचे आहेत. हात वर कर, काही होणार नाही तुला, असं सांगणारा पोलीस आहे त्यात, आणि पुढे जेव्हा त्याने ते परत रेकॉर्ड केलं तेव्हा त्यात म्हटलं की तो नंबर माझा होता, आत्ता तो दुसऱ्या कुणाचा तरी आहे.

दुसऱ्या कुणाचा तरी. मी हे गाणं कितीतरी वर्षं ऐकत होतो आणि या ओळीवरून सरळ पुढे जायचो.

मग मे २०१३. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या रिचमंडला नदीकाठी मोकळ्या जागेत फेस्टिव्हल, टूट्स सत्तर वर्षांचा, स्टेजवर गातोय, आणि गर्दीतून एका एकोणीस वर्षांच्या पोराने व्होडकाची बाटली फेकली. डोक्याला लागली. टाके घालावे लागले, मेंदूला मार बसला. पन्नास वर्षं स्टेजवर असलेला माणूस, ज्याचं सगळं आयुष्य समोरच्या गर्दीशी बोलण्यात गेलं, त्याला त्यानंतर गर्दीची भीती बसली. डोकं दुखायचं, चक्कर यायची, गोष्टी आठवायच्या नाहीत. त्याने गाणं थांबवलं, जवळजवळ तीन वर्षं.

त्या पोरावर केस उभी राहिली आणि टूट्सने जजला पत्र लिहिलं. त्यात त्याने स्वतःला काय काय होतंय ते लपवलं नाही, सगळं लिहिलं, भीती, विसरणं, सगळं. आणि मग विनंती केली की या मुलाला तुरुंगात पाठवू नका. तो तरुण आहे, आत तरुण मुलांचं काय होतं ते मी ऐकून आहे, आणि त्याला तिथे पाठवलं तर माझा त्रास कमी न होता उलट वाढेल, अशा अर्थाचं लिहिलं होतं. जजने शिक्षा दिली ती दिलीच. पण मला हे पत्र वाचल्यापासून '५४-४६' पहिल्यासारखं ऐकता येत नाही. ज्याने गायलं होतं की तो नंबर आता दुसऱ्या कुणाचा आहे, त्याच्यासमोर चाळीसहून जास्त वर्षांनी तो दुसरा कुणीतरी खरंच येऊन उभा राहिला, हातात बाटली घेऊन, आणि टूट्सने त्याला ओळखलं. माझ्या घरात कुणी असं वागलं असतं का, मी वागलो असतो का, माहीत नाही. माझ्या ओळखीत तरी असा दुसरा गायक नाही.

२०१६ मध्ये तो परत स्टेजवर आला. म्हणजे ज्या गर्दीची भीती बसली होती तिच्यासमोरच.

भिंतीवरच्या त्या पानाबद्दल पण एकदा बोलायचंच आहे. गांजा हा शब्द जमैकात इथून गेला. मे १८४५ मध्ये मळ्यांवर काम करायला करारावर नेलेल्या भारतीय मजुरांचं पहिलं जहाज जमैकाच्या ओल्ड हार्बर बेला लागलं, पुढे असे हजारो गेले, टूट्सच्या क्लॅरेंडनमध्येसुद्धा उसाच्या मळ्यांवर राबले, आणि त्यांच्यासोबत हा शब्द गेला. त्या शब्दाखाली टूट्सच्या पिढीतली गरीब पोरं उचलून आत टाकली गेली. आता तो टीशर्टवर, ग्लासवर, भिंतीवर मजेचं चित्र म्हणून परत आपल्याकडे आलाय. चित्र पुसा असं म्हणत नाही, दुकान तुमचं आहे. पण त्या चित्राखाली '५४-४६' वाजत असेल तर एकदा तरी त्या गाण्याची गोष्ट लोकांना सांगा, माइक हातात असतोच की तुमच्या.

बाकीचं थोडक्यात. क्रिस ब्लॅकवेलच्या आयलंड या रेकॉर्ड कंपनीमुळे मेटाल्स बाहेर पोचले, 'फंकी किंग्स्टन' ऐका. जॉन डेन्व्हरचं 'कंट्री रोड्स' त्याने गायलं आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या जागी वेस्ट जमैका टाकलं, आणि ते गाणं कायमचं तिकडचं होऊन गेलं, हे तर तुमच्या गिऱ्हाइकांना लगेच आवडेल कारण मूळ गाणं सगळ्यांना पाठ असतं. मेटाल्सचं 'प्रेशर ड्रॉप' द क्लॅश या इंग्लंडच्या बँडने गायलं, 'मंकी मॅन' तिकडच्याच स्पेशल्सने आणि पुढे एमी वाइनहाउसने. १९८० ला लंडनच्या हॅमरस्मिथ पॅलेमधला कार्यक्रम रेकॉर्ड करून चोवीस तासांत तबकडी दुकानात आणली होती, ती ऐकताना अजून घामाचा वास येतो.

आणि २०२०. सत्त्याहत्तर वर्षांचा टूट्स त्या वर्षी परत जमैकाच्या त्याच उत्सवी गाण्यांच्या स्पर्धेत उतरला, जी त्याने पहिल्याच वर्षी जिंकली होती. ग्रॅमी मिळालेला, देशाने ऑर्डर ऑफ जमैका दिलेला माणूस, वयाने लहान गायकांसोबत स्पर्धेत. जिंकला नाही. ऑगस्टच्या शेवटी नवा अल्बम आला, 'गॉट टू बी टफ', आणि त्याच दिवसांत तो किंग्स्टनच्या हॉस्पिटलमध्ये दाखल झाला. कोविडचे दिवस. ११ सप्टेंबर २०२० ला गेला. त्या अल्बमला ग्रॅमी मिळालं ते नंतर, मार्च २०२१ मध्ये. तो गेल्याची बातमी मी घरात बसून मोबाइलवर वाचली, आपण सगळेच तेव्हा कुणाकुणाच्या बातम्या मोबाइलवर वाचत होतो, आणि माझ्या आसपास असं एकही माणूस नव्हतं ज्याला फोन करून सांगावं की टूट्स गेला.

बॉब मार्लेवर माझंही प्रेम आहे, कुणी गैरसमज करून घेऊ नका. ६ फेब्रुवारीला तुम्ही त्याचा वाढदिवस करता, मी येतो, येणारच. गोवा सनस्प्लॅशसारखा रेगेचाच फेस्टिव्हल आपल्याकडे झाला, साउंड सिस्टिम बांधणारी पोरं आपल्याकडे तयार झाली, हे बघून छाती भरून येते. म्हणूनच सांगतोय, तुम्ही लावाल ते लोक ऐकतील, तुमच्या हातात आहे.

तर मागणं एवढंच. येत्या ११ सप्टेंबरला, पावसाळ्यात बरेच शॅक बंद असतील तर निदान पुण्या-मुंबईच्या कॅफेवाल्यांनी त्या दिवशी, आणि शॅकवाल्यांनी ८ डिसेंबरला, एक तास टूट्सला द्या. सुरुवात 'सिक्स अँड सेव्हन बुक्स'ने करा, लोक जेवत असतील तोवर. मग दोन्ही 'बॅम बॅम'. मग 'डू द रेगे', आणि तेव्हा माइकवर सांगा हा शब्द कुठून आला. 'स्वीट अँड डँडी', 'प्रेशर ड्रॉप', 'कंट्री रोड्स'. आणि '५४-४६' शेवटी ठेवा. त्या गाण्यात एक जागा आहे, टूट्स बँडला म्हणतो एकदा द्या, आणि बँड एकच ठोका मारतो. मग म्हणतो दोनदा, दोन ठोके. तीनदा. चारदा. तिथे आवाज थोडा खाली घ्या आणि लोकांना मारू द्या टेबलावर, हाताने, चमच्याने, कशानेही. मला कळवा कुठे लावताय, मी येतो, पुढच्या टेबलावर बसतो.

तुमचाच,
एक जुना गिऱ्हाईक